आजाऱ्यांच्या चादरी

अक्काच्या हाताला सगळी लाँड्री मानायची, आणि अक्काला ते पुरतं ठाऊक होतं. डोळे मिटलेले असताना तिच्या हातात चादर द्यावी आणि तिनं सांगावं, ही हॉस्पिटलची, ही हॉटेलची, आणि ही हॉटेलची असली तरी उद्या फाटणार आहे, बाजूला काढा. नव्या बायकांना हा खेळ दाखवायचं काम तिच्या धाकट्या बहिणीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. धाकटी रुमालानं अक्काचे डोळे बांधायची, एकेक चादर पुढे करायची आणि उत्तर बरोबर आलं की जणू स्वतःच परीक्षा पास झाल्यासारखी हसायची. अक्का म्हणायची, "पुरे गं तुझं, कामं पडलीत." पण डोळे बांधून घ्यायला ती कधी नाही म्हणाली नाही. कौतुक कुणाला नको असतं? अक्काला ते जरा जास्तच लागायचं, एवढंच. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

लाँड्री म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि खाली वाफ. एका अंगाला धुलाईची यंत्रं, मधे रोलर, दुसऱ्या अंगाला घड्या घालायची जागा. हॉस्पिटलचे कपडे हिरव्या पिशव्यांतून यायचे, हॉटेलांचे पांढऱ्या. चादरी सगळ्या लाँड्रीच्याच मालकीच्या, भाड्यानं दिलेल्या, त्यामुळे कशावरच नाव नाही की शिक्का नाही. पांढऱ्या त्या पांढऱ्या. रोलरच्या एका बाजूनं ओली चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूनं ती कडकडीत वाळून बाहेर पडायची, आणि दोघी बायकांनी समोरासमोर उभं राहून तिची घडी घालायची.

या घडी घालण्याची तिथं एक रीत होती. चादरीकडे बघायचं नाही, समोरचीच्या तोंडाकडे बघायचं. हात आपलं काम करत राहतात. रोलरच्या घरघरीत शब्द ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठ बघून बोलत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सासूनं काय दिवे लावले, हे सगळं चादरीच्या दोन टोकांना न ऐकता कळायचं. अक्का आणि धाकटी ही जोडी तर इतकी जुनी की त्यांना ओठसुद्धा हलवावे लागत नसत. अक्काची भुवई जरा वर गेली की धाकटीला कळायचं, मॅनेजर मागे येऊन उभा राहिलाय.

संप झाला तो एका दांड्यावरून. रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. चादरीबरोबर हात आत ओढला जायला लागला तर त्या दांड्याला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. मॅनेजरनं मशीनचा वेग वाढवला, तसा तो दांडा उगाचच चादरींना लागून मशीन थांबायला लागलं. मग मॅनेजरनं काय करावं? वेग कमी करायचा सोडून दांड्याची वायर काढून टाकली. त्यानंतर धाकटीचा उजवा हात आत गेला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पंजा वाचला, पण दोन बोटं भाजून निघाली ती कायमची ताठली. कंगवा धरायचा तर तिला डावा हात वापरावा लागायचा. युनियननं मागणी केली: दांडा परत जोडा आणि वेग कमी करा. मॅनेजर म्हणाला, बघू. त्याचं बघून होईना, तेव्हा बायका बाहेर पडल्या.

हॉस्पिटलचं काय करायचं हा प्रश्न आलाच नाही, कारण त्याचं उत्तर युनियननं फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं, आणि ते ठरवणारी खुद्द अक्का होती. आजाऱ्याचं अंथरूण अडवायचं नाही. संप असला तरी हिरव्या पिशव्या धुवायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. त्यासाठी युनियननं निवडलेल्या मोजक्या बायका आत जायच्या आणि आपला पगार संपाच्या डब्यात टाकायच्या. त्यांची म्होरकी कोण, हे विचारायचीही गरज पडली नाही. सेक्रेटरी म्हणाला, "अक्का आत आहेत म्हटल्यावर आपल्याला दारावर माणूस ठेवायला नको." सेक्रेटरी म्हणजे बॉयलरवरचा माणूस, चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा खर्च न करणारा. त्यानं एवढं बोलणं म्हणजे जाहीर सत्कारच झाला.

पहिल्याच दिवशी अक्काच्या हाताला कळलं.

हॉस्पिटलची चादर औषधाच्या पाण्यात उकळून उकळून खरबरीत होते, मधे विरळ पडते, रोलरमधून झटकन वाळून येते. ही जी तिच्या हातात आली ती जड होती, काठाशी अजून दमट होती, आणि तिला साबणाच्या वासाखाली आणखी एक मंद गोडसर वास होता. आली होती हिरव्या पिशवीतून. अक्का क्षणभर थांबली. समोर घडीला वहिनी होती. वहिनी म्हणजे कुणाचीच वहिनी नव्हे, पण सगळ्या लाँड्रीचा संसार आपल्यावर पडल्यासारखा चेहरा असायचा म्हणून ते नाव पडलेलं. वहिनीनं अक्काकडे बघितलं. अक्कानं चादरीकडे बघितलं. मग दोघींनी घडी घातली.

एखादी चुकून आली असेल, अक्का मनाशी म्हणाली. दुसरी आली तेव्हाही तिनं हेच म्हटलं. दुपारपर्यंत चुकून आलेल्या चादरींचा थप्पा कमरेएवढा झाला. मॅनेजर काही दूधखुळा नव्हता. मोठ्या पलंगाच्या चादरी त्यानं बाजूला ठेवल्या होत्या, कारण त्या कुणीही ओळखल्या असत्या. एका माणसाच्या खाटेच्या तेवढ्या त्यानं हिरव्या पिशव्यांत भरल्या होत्या. मोठ्या पलंगावर दोन अंथरून हॉटेलांना भागवता येत होतं.

संध्याकाळी फाटकाशी सेक्रेटरीनं विचारलं, "अक्का, फक्त हिरव्या ना?"

"फक्त हिरव्या," अक्का म्हणाली.

यात खोटं काय होतं? पिशव्या हिरव्याच होत्या. घरी जाताना अक्कानं हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवून बघितलं आणि तिला त्यात खोट सापडली नाही. पण ज्या वाक्यात खोट नाही ते माणूस असं पुन्हा पुन्हा कशाला तपासतं?

ती का बोलली नाही, हे तिला नंतर हजारदा विचारावं लागलं, आणि विचारणारी तीच होती. पैशाचा प्रश्न नव्हता, पगार डब्यातच जात होता. आजाऱ्यांचे हाल होतील ही भीती होती, पण ती तिनं पुढे केलेली ढाल होती. खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की ते उच्चारायची लाज वाटावी. आत ऊब होती. बाहेर फाटकाशी बायका रिकाम्या पिंपात लाकडं पेटवून हात शेकत होत्या, वारा अंगात शिरत होता. आणि आत मॅनेजर स्वतः चहाचा कप घेऊन येत होता आणि म्हणत होता, "अक्का, तुम्ही आहात म्हणून चाललंय बघा सगळं." इतक्या वर्षांत या माणसानं तिला बसायला स्टूल दिलं नव्हतं. आता तो उभा आणि ती बसलेली. चादरींबद्दल तोंड उघडलं असतं तर युनियननं आतलं काम त्याच दिवशी बंद केलं असतं आणि अक्काला बाहेर जाऊन सगळ्यांसारखं पिंपाशी उभं राहावं लागलं असतं, चार बायकांतली एक होऊन. ते तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, तिनं ठरवलं.

उद्या सांगायची अडचण अशी की आधी काल का सांगितलं नाही हे सांगावं लागतं. परवा सांगायचं तर दोन दिवसांचा हिशेब द्यावा लागतो. आठवडा उलटला तेव्हा अक्काला कळून चुकलं की आता आपण हे कधीच सांगणार नाही. मूग गिळून बसलेल्या माणसाला रोज थोडे जास्त मूग गिळावे लागतात, तसं तिचं झालं होतं.

एकदा रोलरमधून एक चादर बाहेर आली आणि तिच्या मधोमध लिपस्टिकचा डाग होता. धुऊनही न गेलेला, ओठांच्या आकाराचा. हॉस्पिटलच्या चादरीवर आयोडिनचा डाग असतो, रक्ताचा असतो, लिपस्टिकचा नसतो. वहिनीनं तो बघितला. अक्कानं बघितला. वहिनीचे ओठ काहीतरी विचारायला उघडले. अक्कानं तिला विचारू दिलं नाही. तिनं चादरीचं आपलं टोक असं फिरवलं की डाग आतल्या घडीत गेला, आणि घडी थप्पीवर ठेवली. त्या दिवसापासून आतल्या सगळ्याच बायका मान खाली घालून, चादरीकडे बघून घड्या घालायला लागल्या.

बाहेर धाकटी पिंपाशी उभी असायची, ताठ बोटांचा हात काखेत दाबून. अक्का फाटकातून बाहेर आली की ती पुढे व्हायची, तिच्या खांद्यावर शाल टाकायची, "दमलीस ना?" म्हणायची. आणि अक्का, जी दिवसभर उबेत होती, म्हणायची, "चालायचंच."

संप ढिला पडत गेला. हॉटेलांकडून बोंब उठेल, मग मॅनेजर धावत येईल, असा सगळ्यांचा होरा होता. बोंब काही उठेना. शेवटी सेक्रेटरीनं सभा बोलावली. युनियनची खोली टायरच्या दुकानावर होती, जिन्यात रबराचा वास, वर बसायला फळ्यांचे बाक. बायका दाटीवाटीनं बसल्या. अक्काला पुढे जागा करून दिली.

सेक्रेटरी म्हणाला, "मी हॉटेलांतल्या लोकांना विचारलं. एकाही खोलीत चादर कमी पडलेली नाही. कुठून येतायत, कळत नाही. दुसऱ्या गावाहून येत असतील."

चष्मेवाली उठली. ही कामाला लागून फार दिवस झाले नव्हते, पण बोलायला कचरत नसे. "मी स्पष्टच बोलते. हे संपबिंप तुमच्या काळात ठीक होतं. तेव्हा काम थांबलं की मालक थांबायचा. आता नाही थांबत. आपण इथं थंडीत कुडकुडतोय आणि त्यांना टोचतसुद्धा नाही. वर्गणी तरी कशाला भरायची मग?"

कुणी तिला गप्प बसवलं नाही. मागून एकजण म्हणाली, "मुलगी बोलते ते खोटं नाही." दुसरी म्हणाली, "हात गेला तिचा गेला, आपण तरी पोटावर किती दिवस पाय द्यायचा?" धाकटी तिथंच बसली होती. तिनं आपला हात मांडीखाली सरकवला.

"असेलही तिचं खरं," सेक्रेटरी म्हणाला. "मलाही आजकाल तसंच वाटतं."

या माणसानं उभं आयुष्य या खोलीत घालवलं होतं. आज तो म्हणत होता की आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला ते संपलं. आणि या सबंध खोलीत फक्त अक्काला आणि तिच्याबरोबर आत घड्या घालणाऱ्यांना ठाऊक होतं की ते संपलेलं नाही. संप टोचत होता. इतका टोचत होता की मॅनेजरला चोरून चादरी धुवून घ्याव्या लागत होत्या. जमाना बदलला नव्हता. अक्कानं घड्या घातल्या होत्या, बस.

"कामावर परत जायचं का, हात वर करून सांगा," सेक्रेटरी म्हणाला. "पण त्याआधी एक. हॉस्पिटलला दिलेला शब्द आपण पाळला. हरलो तरी तोंड दाखवायला जागा राहिली, ती अक्कांमुळे. अक्का, जरा उभ्या राहा."

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, हे सगळ्यात वाईट. अक्का उभी राहिली आणि तिला वाटलं, आता पायाखालची फळी मोडेल तर बरं.

"हॉटेलांच्या चादरी मी इस्त्री केल्यात," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी मागे विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हिरव्या पिशव्यांतून आल्या. रोज. सगळ्या आम्हीच केल्या."

मग चष्मेवालीच आधी ओरडली, "फसवलं त्यांनी अक्कांना." त्याबरोबर सगळी खोली उठली. आजाऱ्यांच्या नावाखाली, आमच्याच बायकांकडून, आमच्याच अक्काकडून. लाज नाही त्या मॅनेजरला. म्हणून हॉटेलांना कमी पडत नव्हतं होय. म्हणजे संप टोचतोय त्याला, चांगलाच टोचतोय. जी बाई मघाशी पोटाचं बोलत होती तीच बाकावर चढून म्हणाली, आता बघतेच मी. सेक्रेटरीच्या तोंडावर कित्येक दिवसांनी रंग आला.

अक्का तशीच उभी होती. त्यांनी चुकीचं ऐकलं होतं. तिला फसवलेली म्हातारी समजून ते तिच्यावर माया करत होते. "ऐका माझं," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच..."

पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. धाकटी बाकांवरून वाट काढत आली, तिनं अक्काला घट्ट मिठी मारली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर इतकं जोरानं दाबलं की अक्काला श्वास घेता येईना. "किती मनाला लावून घेशील गं," धाकटी मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूच्या बायकांचे डोळे भरून आले. वहिनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात वर करायचं कुणाला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलचाच माणूस फाटकाशी उभा राहून हिरव्या पिशव्या उघडून बघायला लागला. अक्का आत गेली नाही. "तिला आता विश्रांती द्या," धाकटी म्हणाली होती. अक्का पिंपाशी उभी राहिली. तिला पहिल्या रांगेत, धगीच्या अगदी जवळ जागा करून देत, आणि ती तिथं उभी राहून जळायची.

मग हॉटेलांकडून बोंब उठली. चांगली मोठी उठली. एका हॉटेलनं पाहुण्यांना परत पाठवलं, दुसऱ्यानं करार मोडायची धमकी दिली, आणि मॅनेजरनं बोलणी करायला बोलावलं. सेक्रेटरी आणि धाकटी गेली. बाहेर आली ती दांडा आणि वेग दोन्ही पदरात पाडून. त्या बोलण्यांतला एक किस्सा लगेच सगळ्यांच्या तोंडी झाला. बायका तो अक्काला आग्रहानं, हातवारे करून सांगत. मॅनेजर हरतोय असं दिसल्यावर काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुमच्या अक्कांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं." त्यावर धाकटीनं तो ताठ बोटांचा हात असा टेबलावर आपटला आणि म्हणाली, "माझ्या बहिणीचं नाव त्या तोंडानं घेऊ नका." मॅनेजरची बोलतीच बंद. "काय एकेक खोटं रचतात," बायका हसून म्हणत. त्या माणसानं आयुष्यात एकदा खरं सांगितलं होतं आणि तेव्हाच कुणी त्याचं ऐकलं नव्हतं. अक्काही त्यांच्याबरोबर हसली. हसावं लागलं.

दांडा बसला त्या दिवशी इलेक्ट्रिशियननं मशीन चालू केलं आणि प्रत्येक बाईनं येऊन एकदा दांड्याला हात लावून बघितला. दरवेळी मशीन थांबलं. धाकटीनं तर दोनदा लावला. रोलर आता बेतानं फिरत होता, आणि चष्मेवाली पुढची वर्गणी गोळा करत फिरत होती.

काम सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत दोघी बहिणीच उरल्या. धाकटी बाकावर बसून डाव्या हातानं बुटाची नाडी बांधत होती. एरवी ते काम अक्का करायची. अक्का वाकली तसा धाकटीनं पाय मागे घेतला.

"धाकटे, मला तुला एक सांगायचंय," अक्का म्हणाली. "मॅनेजर म्हणाला ते..."

"ठाऊक आहे मला."

अक्का वाकलेली तशीच राहिली. "केव्हापासून?"

"तू सभेत तोंड उघडलंस तेव्हापासून. डोळे बांधून चादर ओळखतेस तू. मीच तर जगाला सांगत फिरते." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. असता तर अक्काला बरं वाटलं असतं. "बाकीच्यांना त्या वेळी सुचलं नाही. मला सुचलं."

"मग तू मला जवळ का घेतलंस?"

"तू पुढचं बोलू नयेस म्हणून. बोलली असतीस तर तिथंच सगळा विचका झाला असता. दांडा बसायचा होता, अक्का." नाडी काही बांधली जाईना. तिनं ती तशीच बुटात खोचून टाकली आणि उठली. "मी तिथं बाहेर उभी होते गं. हा हात घेऊन. रोज तुझ्या अंगावर शाल घालत होते."

चुकलं, एवढा एक शब्द होता, तो तोंडाशी आला आणि इतका हलका वाटला की तिनं तो आत घेतला.

धाकटीनं कपाट बंद केलं. "उद्यापासून मी घडीला वहिनीबरोबर उभी राहते. तिनं निदान रडून सांगितलं मला. लोक विचारतील, बहिणी-बहिणी वेगळ्या का झाल्यात म्हणून. सांग, तिचा हात दुखतो, तिला तुझ्या वेगानं जमत नाही."

दुसऱ्या दिवशी लोकांनी विचारलं. अक्कानं तसंच सांगितलं.